तार सप्तकात आवाज खुला ठेवायचा की बारीक करायचा?

मध्यलय_ठाणे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाणाऱ्यांना आणि कान देऊन ऐकणाऱ्यांना, दोघांनाही विचारतोय.

मी ग्वाल्हेर वळणाचं गाणं शिकतो. पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी हा माझा षड्ज ('सा'). मध्य सप्तकात आवाज भरीव लागतो, तार षड्जावरही (वरच्या सप्तकाच्या 'सा'वर) आरामात थांबता येतं. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. तार गंधाराच्या (वरच्या 'ग'च्या) आसपास आवाजाला दोन वाटा फुटतात. जोर लावून खुल्या आवाजातच वर गेलो तर मानेच्या शिरा दिसायला लागतात आणि स्वर किंचित उतरलेला राहतो. जोर सोडला तर आवाज आपोआप सुटून बारीक होतो. त्यात स्वर अचूक लागतो, त्रास होत नाही, पण आधीच्या ओळीशी त्याचं नातं तुटल्यासारखं वाटतं.

गुरुजींचं म्हणणं स्पष्ट आहे: आवाज चोरायचा नाही, रियाज वाढवा. मी एका हौशी कॉयरमध्येही जातो. तिथल्या बाई सांगतात, छातीचा आवाज वर ओढू नका, हेड व्हॉइसमध्ये (हलक्या आवाजात) या, आणि मऊ जागा असेल तर फॉल्सेटोही (अगदी बारीक, पोकळ आवाज) चालेल. दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून हा प्रश्न जास्तच छळतो.

आषाढी एकादशीला आमच्या मंडळाचा कार्यक्रम आहे. माझ्या वाट्याला आलेल्या अभंगाचा अंतरा (पुढचा, वर जाणारा भाग) पुन्हा पुन्हा तार पंचमाला (वरच्या 'प'ला) जातो. माझं मत असं की बारीक आवाजाला आपल्याकडे फार कमी लेखलं जातं, त्यालाही गाण्यात मानाची जागा हवी. पण मला विरुद्ध बाजूही ऐकायची आहे. तुम्ही काय करता?

खडा_सूर

पट्टी उतरवा. पुढचा प्रश्न?

दादरची_आत्या

खडा_सूर, तुमचं उत्तर लिफ्टमध्ये शिरता शिरता दिल्यासारखं आहे! पट्टी उतरवून गंधाराचा त्रास पंचमावर जाईल, संपणार नाही. धागाकर्त्याने विचारलंय की आवाज बदलतो तो सांधा जिथे येईल तिथे करायचं काय.

पेटीवाला_काका

दोघांचंही बरोबर आहे. थोडे आकडे मांडतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

काळी एकचा षड्ज पुरुषाच्या गळ्यात साधारण १३९ हर्ट्झला येतो. तार षड्ज २७७, तार गंधार सुमारे ३४९, तार पंचम ४१५. पुरुषांचा आवाज ज्या भागात एका घडणीतून दुसरीत जायला बघतो तो भाग बहुतेकांत ३०० ते ३९० च्या दरम्यान असतो. आवाज जड असेल तर आणखी आधी. म्हणजे मध्यलय, तुमचा गंधार नेमका त्या दारात उभा आहे आणि पंचम दाराच्या पलीकडे. रियाज कमी पडतो म्हणून हे होत नाही, तुमच्या गळ्याची ती जागाच आहे.

आता खालची काळी पाच घेऊन बघा. षड्ज ११७ च्या आसपास. तार गंधार २९४, तार पंचम ३४९. आज गंधाराला जे होतं ते पंचमाला होईल, पण गंधार-मध्यम मोकळे होतील. अंतऱ्यात किती वेळ गंधार-मध्यमावर राहायचं आहे आणि किती वेळ पंचमावर, हे मोजा. शिवाय अस्ताई (सुरुवातीचा भाग) मंद्रात, खालच्या सप्तकात, किती उतरते तेही बघा. वर मिळालेली सवलत खाली वसूल होते.

दुसरी गोष्ट. साथीला बसलं की एक कायम दिसतं: पट्टी ठरवताना माणसं वरचा स्वर 'लागतो का' एवढंच बघतात. लागण्याला अर्थ नाही. त्या स्वरावर थांबून पूर्ण शब्द म्हणता येतो का, ते बघायला हवं.

कोमल_निषाद

काका, हा प्रतिसाद जपून ठेवला. पण बायकांचं गणित पूर्णपणे वेगळं आहे, आणि त्याबद्दल क्लासमध्ये कुणी बोलतच नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बायकांची पट्टी साधारण काळी चार किंवा पाच. काळी पाचचा षड्ज २३३ हर्ट्झ. आपल्याही आवाजाचा खालचा सांधा साधारण ३३०-३५० च्या भागातच असतो. तो काळी पाचमध्ये कुठे येतो? मध्य सप्तकातल्या पंचमावर! काळी चारमध्ये पंचम-धैवताच्या मध्ये. म्हणजे पुरुषांना ही अडचण अंतऱ्यात तार गंधाराला भेटते, आणि आम्हाला रागाच्या ऐन मध्यावर, प्रत्येक आलापात, प्रत्येक तानेत. षड्ज-गंधार छातीतून येतात, धैवत-निषाद डोक्यातून, आणि ऐकणारा म्हणतो, 'हिचा आवाज दोन प्रकारचा आहे.'

मी लहान असताना जिथे शिकायला जायचे तिथे सगळ्या मुलींना एकाच पट्टीत बसवत, कारण पेटी एक आणि वर्ग मोठा. वरून 'छातीतून गा, मिणमिणू नकोस.' माझा आवाज मुळात ढाला, म्हणजे जड आणि खालचा. छातीचा आवाज तार षड्जापर्यंत ओढत नेला आणि कॉलेजच्या वयात घसा कायमचा बसल्यासारखा झाला. नंतरच्या गुरूंनी पट्टी थेट काळी दोनला आणली आणि पंचमापासून वर आवाज हळूहळू हलका करायला शिकवलं. झटक्याने नाही, प्रत्येक स्वराला थोडा थोडा. आता सांधा आहे, पण तो कुठे आहे हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. मला वाटतं मध्यलय यांनी हेच साधायला हवं.

दादरची_आत्या

+१. आणि बाईचा आवाज म्हणजे उंचच हवा, हा समज केव्हा जाणार कुणास ठाऊक. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) ऐका. घशाच्या उपचारांनंतर त्यांचा आवाज खाली उतरला, आणि त्या खर्जाळ, भारदस्त आवाजात त्यांनी जे गाणं केलं त्याला तोड नाही.

गुरुकुल_मिरज

सगळं वाचलं. माझं मत कडक आहे आणि ते तसंच मांडतो.

आपल्या संगीतात स्वर हा 'आ'कारात, उघड्या तोंडाने, संपूर्ण लावायचा असतो. मंद्रापासून तारेपर्यंत आवाजाचा गोळा एकसारखा राहिला पाहिजे. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐका. खालच्या स्वराला जेवढं वजन तेवढंच वरच्या स्वराला. हे बारीक करून येत नाही, दम आणि आकार यांच्या मेहनतीने येतं. हेड व्हॉइस, फॉल्सेटो हे पाश्चात्त्यांच्या गाण्याचे प्रश्न आहेत. त्यांच्याकडे रचना ठरलेल्या पट्टीत लिहिलेली असते, म्हणून गळा त्या उंचीला न्यावा लागतो. आपल्याला षड्ज स्वतःच्या गळ्याप्रमाणे निवडायचं स्वातंत्र्य आहे. ते असताना खोटा आवाज कशाला?

खर्जाचा रियाज करा. पहाटे मंद्र पंचमापर्यंत सावकाश उतरा, षड्जावर दीर्घ थांबा. तार सप्तकाचा पाया तिथे आहे.

खडा_सूर

हेच मी एका वाक्यात सांगितलं होतं :)

किराणा_भक्त

गुरुकुलजी, मिरजेचं नाव लावून तुम्ही हे म्हणता याचंच आश्चर्य वाटलं. मिरजेत ज्यांची समाधी आहे त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा (१८७२–१९३७) आवाज कसा होता? उंच पट्टी, बारीक, टोकदार, आर्त. वजनाचा गोळा तिथे नाहीच. त्या बारीक रेषेवर स्वर असा थांबतो की मागचा तानपुरा आणि गळा वेगळे करता येत नाहीत.

पुढे बघा. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी (१९२२–२०११) आणि गंगूबाई. भीमसेनजींचा तार सप्तक म्हणजे भरलेला, छातीचा जोर असलेला. गंगूबाईंचा ढाला. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचा आवाज नाजूक, मधुर. एकाच किराणा घराण्यात चार गळे आणि आवाज लावायच्या चार तऱ्हा. घराण्याने स्वराचा लगाव दिला, आवाजाची जाडी ज्याच्या त्याच्या गळ्याने ठरवली.

कुमार गंधर्वांचं तर काय सांगावं! क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यानंतर उभं केलेलं ते गाणं. तारेतला एक स्वर विजेसारखा फेकतात आणि लगेच पुढचा स्वर इतका नाजूक करतात की सभागृह कान पुढे करतं. त्या नाजूक स्वराला कुणी खोटा म्हणेल?

गुरुकुल_मिरज

कुमारजींना खोटा म्हणायची माझी छाती नाही. पण त्यांच्याकडे आधी पूर्ण स्वर होता, नाजूकपणा ही निवड होती. शिकणाऱ्याचा आवाज सुटतो तेव्हा ती निवड नसते. एवढाच माझा मुद्दा आहे.

किराणा_भक्त

या वाक्याशी पूर्ण सहमत.

स्वरतंतू

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. गायक, शिक्षक, कीर्तनकार अशी बरीच मंडळी माझ्याकडे येतात. आत नेमकं काय घडतं ते लिहिते.

खुल्या आवाजात स्वरतंतू आखूड आणि जाड असतात, पूर्ण जाडीने थरथरतात आणि प्रत्येक कंपनात बराच वेळ एकमेकांना चिकटून राहतात. म्हणून आवाज भरीव. उंच स्वरासाठी ते ताणून लांब आणि पातळ करावे लागतात. हे काम दोन स्नायू करतात: एक जाडी राखणारा, दुसरा ताणणारा. खालून वर जाताना पहिल्याने हळूहळू सैल व्हायचं आणि दुसऱ्याने जबाबदारी घ्यायची. ही देवघेव नीट झाली तर आवाज हलका होतो पण तुटत नाही. गायन शिकवणारे ज्याला हेड व्हॉइस म्हणतात ते साधारण हेच: पातळ तंतू, पण मिटणं चांगलं. फॉल्सेटोत फक्त कडा थरथरतात आणि मिटणं बहुधा अपुरं राहतं, हवा निसटते, म्हणून आवाज पोकळ आणि वाऱ्याचा वाटतो.

डोक्यात जे कंप जाणवतात ते खूण म्हणून उपयोगी आहेत, पण आवाज डोक्यात तयार होत नाही. तो स्वरतंतूंवर जन्मतो आणि घसा-तोंडाच्या पोकळीत आकार घेतो. मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये छोट्या आरशाच्या मदतीने स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले. घशाच्या तपासणीची ही पद्धत एका गाणाऱ्याच्या कुतूहलातून आली याचा मला फार आनंद वाटतो.

मध्यलय, तुमच्या वर्णनात मानेच्या शिरा आणि उतरलेला स्वर हे दोन शब्द मला खटकले. याचा अर्थ जाडी राखणारा स्नायू सोडायला तयार नाही आणि तुम्ही खालून हवेचा दाब वाढवताय. हे रोज चाललं तर तंतूंच्या कडांवर सूज आणि पुढे गाठी येऊ शकतात. फॉल्सेटोमुळे मात्र आवाज बिघडतो हा समज चुकीचा आहे. तो आवाज थकवत नाही, फक्त त्यात ताकद मर्यादित असते.

व्यायाम: बारीक नळी, सरबताची स्ट्रॉ चालेल, ओठात धरून तिच्यातून मध्य षड्जापासून तार पंचमापर्यंत मींडेने (स्वर न तोडता सरकत) गुणगुणत जा आणि उतरा. नळीमुळे मागे येणारा दाब तंतूंना कमी ताकदीत मिटायला मदत करतो. सांधा आला की आवाज मोठा करू नका, थोडा कमी करा. मग तीच मींड 'ऊ'वर, मग 'ओ'वर, शेवटी 'आ'वर. आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कुणीही, कितीही रियाजी असलात तरी.

मडगावचो_तेनोर

गोंयच्यान नमस्कार. आमच्या चर्चच्या कॉयरात लहानपणापासून गायलो, म्हणून दुसऱ्या तीरावरचं लिहितो.

कॉयरात आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळणं सगळ्यात महत्त्वाचं. एकाचा खुला आवाज वर आला की चार आवाजांचा पूर्ण स्वरमेळ कोसळतो. म्हणून तिथे वर हलकं गायला शिकवतात, आणि 'आ' थोडा 'ओ'कडे वळवायला सांगतात. मांडो (आमचं कोकणी गीत) गातानाही वरचा आवाज आणि दुसरा आवाज जोडीने चालतात. वरच्याने खडा आवाज काढला तर दुसरा ऐकूच येत नाही, आणि मांडोतली सगळी ओढ त्या दोघांच्या मधल्या अंतरात आहे.

त्यामुळे तुमच्या कॉयरच्या बाई त्यांच्या जागी शंभर टक्के बरोबर. अभंगात तुम्ही एकटे गाता, शब्द पुढे न्यायचा असतो. दोन्हीकडे एकच आवाज नेलात तर एका जागी तरी पंचाईत होईल. आणि गुरुकुलजी, केसरबाई आमच्या केरीच्या, त्याचा आनंद आहेच.

टाळकरी

इथे वारीचा विषय अजून कुणी काढला नाही म्हणून लिहितो. दिंडीत कोण हेड व्हॉइस बघतं? चाल टिपेला जाते तेव्हा सगळे खुल्या गळ्याने जातात. टाळ-पखवाजाच्या आवाजावर दुसरं काही पोचतच नाही. म्हातारे वारकरी पहाटे काकड्यापासून रात्री जागरापर्यंत गातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गळा तसाच. अभंगाला तोच आवाज शोभतो.

स्वरतंतू

टाळकरी माउली, दिंडीत एकजण दमला की दुसरा चाल उचलतो, गळ्याला विश्रांती मिळत जाते. ते वारकरी लहानपणापासून तसंच गातात, त्यांच्या गळ्याने ते वळण घेतलं आहे. तरीही वारीनंतर माझ्याकडे बसलेल्या आवाजाची माणसं येतात. अभंगाला खुला आवाज शोभतो यात वादच नाही, ताण शोभत नाही.

टाळकरी

पटलं. चाल उचलण्याचं म्हणालात ते अगदी खरं आहे.

शाहिरी_बाणा

तमाशा-पोवाड्याकडे बघा की. शाहिराचा पहाडी आवाज आणि मागे झीलकऱ्यांची 'जी जी'ची टिपेची ओढ. शाहीर मोकळ्या मैदानात, मागच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळावा म्हणून गायचा. लावणीत सुलोचना चव्हाणांचा (१९३३–२०२२) आवाज घ्या. वर जाताना कुठे पातळ झाला? ठसका तसाच. हलका आवाज लावला तर त्या लावणीतला रंगच जाईल.

नाट्यवेडा_सातारा

आवाज किती दूर पोचवायचा होता, हा या प्रश्नाचा अर्धा भाग आहे असं मला वाटतं. संगीत नाटकांच्या भराच्या काळात नाट्यगृहात ध्वनिवर्धक नव्हते. पायपेटी, सारंगी, तबला आणि समोर शेवटच्या रांगेतला पिटातला प्रेक्षक. खड्या आवाजाला पर्याय नव्हता. ध्वनिमुद्रणही सुरुवातीला कर्ण्यात तोंड घालून व्हायचं. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनवर विद्युत ध्वनिमुद्रण आलं, मग आकाशवाणी, आणि कुजबुजल्यासारखा आवाजही घराघरात पोचायला लागला. भावगीत त्या मायक्रोफोनमुळे जन्माला आलं म्हटलं तरी चालेल. बारीक आवाजाला मान मिळण्याची वाट तिथून उघडली.

आज मध्यलय माईकसमोर गाणार आहेत. मग पिटातल्या प्रेक्षकासाठी घडवलेला नियम त्यांना जसाच्या तसा का लावायचा?

अलिबागचा_सदा

पण बालगंधर्व बायकी आवाजातच गायचे ना? म्हणजे फॉल्सेटो तेव्हाही होताच की.

नाट्यवेडा_सातारा

नाही हो सदा. बालगंधर्व (१८८८–१९६७) स्त्रीभूमिका करत, पण गाणं त्यांच्या स्वतःच्या गळ्याचं. ध्वनिमुद्रिका लावून ऐका: गोड, लवचीक, मोकळा पुरुषी आवाज, बाईची नक्कल केलेली नाही. प्रेक्षकांनी तो आवाज रुक्मिणीचा, सिंधूचा म्हणून स्वीकारला ही त्यांच्या भावाची ताकद. मास्टर दीनानाथांनीही (१९००–१९४२) स्त्रीभूमिका केल्या, आणि त्यांचा आवाज तर तलवारीसारखा. घडवून बायकी आवाज ऐकायचा असेल तर १९६२ च्या 'हाफ तिकीट'कडे जा. तिथे किशोरकुमारने एका युगुलगीतात पुरुष आणि स्त्री दोन्ही आवाज स्वतःच गायले आहेत. फॉल्सेटोचा तो उघड, मजेचा वापर, आणि काय तयारीचा!

दादरची_आत्या

किशोरकुमारचं यॉडलिंग म्हणजे सांधा लपवायच्या ऐवजी त्याच्यावरच झोका घेणं. खुल्या आवाजातून बारीक आवाजात उडी, परत खाली. आपण इथे सांधा बुजवायला बसलोय आणि त्या माणसाने त्याचंच गाणं केलं.

रत्नांग्रीची_आई

थोडं अवांतर. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. सहा वर्षं गाणं शिकतोय, काळी चारमध्ये सुरेख गायचा. गेल्या काही महिन्यांत आवाज फुटलाय. वरचे स्वर फाटतात, मग तो बारीक आवाजात निभावून नेतो. क्लासमध्ये मुलं हसली म्हणून आता गायलाच बसत नाही. गाणं पूर्ण बंद ठेवायचं का? कुणी सांगेल का, जीव खाली-वर होतोय.

स्वरतंतू

ताई, अजिबात घाबरू नका आणि गाणं बंदही करू नका. या वयात स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. जुनी पट्टी आता त्याची नाही. रोज थोडा वेळ, जिथे आवाज सहज लागतो त्या पाच-सहा स्वरांत गाऊ द्या, भले ते खाली असोत. पट्टी दर काही आठवड्यांनी बदलत जाईल, तशी बदलू द्या. बारीक आवाजात वर गायला हरकत नाही, फक्त खालचा नवा आवाजही वापरत राहायला हवा. काही मुलं हसण्याच्या भीतीने बोलतानाही बारीक आवाजच धरून ठेवतात. बदलाचं वय उलटून गेल्यावरही तसं राहिलं तर वाचा-उपचाराने ते बहुधा छान सुधारतं.

किराणा_भक्त

रत्नांग्रीची_आई, मुलाला भास्करबुवा बखल्यांची (१८६९–१९२२) गोष्ट सांगा. किर्लोस्कर नाटक मंडळीत लहान वयात गाजले, मग आवाज फुटला आणि रंगभूमीवरचं स्थान गेलं. त्यानंतर त्यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्याकडे विद्या घेतली आणि महाराष्ट्रातले थोर गायक-गुरू झाले. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव त्यांचेच शिष्य. फुटलेल्या आवाजानंतरचं गाणं आधीच्यापेक्षा मोठं होऊ शकतं.

रत्नांग्रीची_आई

मनापासून आभार दोघांचेही. आज त्याला जवळ बसवून वाचून दाखवते.

कोमल_निषाद

मूळ प्रश्नाकडे. मध्यलय, अंतऱ्याचे शब्द काय मागतात ते बघितलंत का? तार पंचमाला तुम्ही देवाला हाक मारता आहात की त्याच्याशी हळू बोलता आहात? हाक असेल तर आवाजाला कणा हवा, तिथे वाऱ्याचा फॉल्सेटो हाक मारल्यासारखा लागत नाही. विनवणी असेल तर तोच स्वर बारीक केल्याने जास्त खरा वाटतो. अंतरा पुन्हा पुन्हा वर जातो म्हणालात, म्हणजे प्रत्येक वेळी एकच आवाज वापरायची गरजही नाही.

पेटीवाला_काका

अगदी. आणि आवाज बारीक करायचा असेल तर ज्या स्वरावर नाईलाज होतो तिथे करू नका, एक-दोन स्वर आधीच हलका करायला लागा. गंधारापर्यंत पूर्ण भरून गेलात आणि मध्यमाला एकदम सोडलात तर मी पेटीवर कितीही भरलं तरी ती फट झाकत नाही.

मध्यलय_ठाणे (धागाकर्ता)

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे वाचले, काही पुन्हा वाचले. काय केलं ते सांगतो.

काळी एक आणि काळी पाच, दोन्ही पट्ट्यांत अंतरा फोनवर रेकॉर्ड केला. काळी पाचमध्ये गंधार-मध्यम इतके मोकळे झाले की शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आले. अस्ताई मंद्र धैवताच्या खाली जात नाही, त्यामुळे खाली अडचण नाही. पंचमाला सांधा आहेच. स्ट्रॉचा व्यायाम चालू आहे. 'ऊ'वर मींड आता न तुटता जाते, 'ओ'वर बहुतेक वेळा, 'आ'वर अजून नाही.

मग दोन्ही रेकॉर्डिंगं गुरुजींना ऐकवली. पट्टी उतरवायला त्यांनी लगेच होकार दिला. पहिल्या दोन वेळी पंचम खुलाच हवा म्हणाले, आणि आवाज मोठा न करता, आकार किंचित मिटवून कसा घ्यायचा ते गाऊन दाखवलं. स्वरतंतू यांनी सांगितलेल्या 'ओ'च्या वाटेच्या ते फार जवळ होतं. शेवटच्या आवर्तनात जिथे शब्द विनवणीचा आहे, तिथे मला बारीक आवाज हवा आहे. ते त्यांना पटलेलं नाही. 'गाऊन दाखवा, मग बोलू,' म्हणाले.

गुरुकुल_मिरज

तुमचे गुरुजी योग्य बोलले. ती शेवटची जागा इतकी तयार करा की खुली ठेवली असती तरी चालली असती हे ऐकताना कळावं. मग माझीही हरकत नाही.

खडा_सूर

मी अजूनही खुल्या आवाजाच्याच बाजूने. पण कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग इथे नक्की टाका, मला ऐकायचं आहे.

मध्यलय_ठाणे (धागाकर्ता)

टाकतो. काका, एक अडचण आहे. मंडळाचा तबला काळी एकचा आहे. काळी पाचला काय करू?

पेटीवाला_काका

तो तबला एवढा उतरवू नका, पुडी (वरचं कातडं) सैल पडून बोल बसतील. तुमच्या मंडळात बायका काळी पाचला गात असतील तर त्यांच्या साथीचा तबला असेलच, तोच घ्या. डग्गा आहे तो चालेल. आणि तबलजींना आदल्या दिवशी सांगू नका, आत्ताच सांगून ठेवा. एकादशीच्या आठवड्यात कुणाचाही तबला मोकळा नसतो.